रजोनिवृत्तीनंतर हृदयाची तपासणी : पॅकेज घ्यावे की आणखी काही करावे?

राजारामपुरीतील शिक्षिका

सर्वांना नमस्कार. माझे वय ४९ आहे. मासिक पाळी बंद होऊन वर्ष उलटले असून गेल्या काही महिन्यांपासून अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे आणि मधूनच छातीत धडधडणे असा त्रास होतो. या वयात असे होतेच, असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले आणि त्यावर माझा विश्वासही आहे. परंतु माझ्या आईला ६१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, आणि त्याआधी तिचा रक्तदाब कोणी मोजल्याचे आम्हा भावंडांपैकी एकालाही आठवत नाही. त्यामुळे शंका मनातून जात नाही.

आमच्या महिला मंडळात सध्या एका खासगी केंद्राच्या हृदय तपासणी पॅकेजची चर्चा चालू आहे. त्यात ईसीजी, टूडी इको, टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि हवे असल्यास हृदयाचे सीटी स्कॅन अशा तपासण्या आहेत. बऱ्याच जणींनी नावे दिली आहेत. पैसे खर्च करण्याची माझी तयारी आहे, पण या तपासण्यांतून मला नेमके काय कळणार आहे हे समजल्याशिवाय नाव द्यावेसे वाटत नाही. पाळी गेल्यानंतर हृदयविकाराचा धोका खरोखर वाढतो का, ईसीजी चांगला आला म्हणजे काळजी मिटली असे समजावे का, आणि हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर हृदयाचे रक्षण होते असे जे सांगितले जाते त्यात किती तथ्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाहूपुरीतील निवृत्त फिजिशियन

ताई, पाळी जाण्याच्या काळात हा धोका वाढतो, आणि तो केवळ वय वाढले म्हणून वाढत नाही. अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन कमी होऊ लागले की रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या लवचीक राहत नाहीत, चरबी पोटात साठू लागते, आणि शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल म्हणजे घातक कोलेस्टेरॉल झपाट्याने चढते. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ या अभ्यासात मध्यमवयीन स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी केल्यावर ही वाढ स्पष्ट दिसली. २०२० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने रजोनिवृत्तीच्या काळातील हृदयविकाराच्या धोक्याविषयी स्वतंत्र निवेदनच प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१ च्या सुमारास जाते, आपल्याकडे ४६-४७ व्या वर्षी. म्हणजे आपल्या स्त्रियांचा हा काळ चार-पाच वर्षे आधीच सुरू होतो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे ९ वर्षे उशिरा येतो असे दिसले होते, परंतु दक्षिण आशियातील लोकांना तो इतर प्रदेशांच्या तुलनेत कमी वयात येतो हेही त्याच अभ्यासात आढळले. पहिल्या निष्कर्षावर विसंबून दुसरा विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

आता पॅकेजविषयी. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांत हृदयात चाललेली विद्युत हालचाल दाखवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत निम्म्याहून अधिक अडथळा असलेल्या व्यक्तीचाही ईसीजी पूर्णपणे सामान्य येऊ शकतो. टूडी इकोमध्ये हृदयाचे स्नायू, झडपा आणि रक्त ढकलण्याची ताकद दिसते, पण या रोहिण्यांतील चरबीचे थर दिसत नाहीत. टीएमटीची अडचण वेगळीच आहे. ज्या स्त्रीला कोणतेही लक्षण नाही आणि जिचा धोकाही कमी आहे, तिच्या बाबतीत ही चाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि मग नसलेल्या रोगाच्या शोधात अँजिओग्राफीपर्यंत जावे लागते. कमी धोका असलेल्या, लक्षणे नसलेल्या प्रौढांमध्ये चाळणी म्हणून ईसीजी किंवा टीएमटी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये केली आहे, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मला ती पटत आलेली आहे.

आपल्याला मात्र धडधडीचे लक्षण आहे. म्हणून एक ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच या तीन गोष्टी आपण जरूर कराव्यात. ही लक्षणाची तपासणी झाली, पॅकेजची चाळणी नव्हे. गरम वाफांसोबत धडधड होणे बहुधा निरुपद्रवी असते, परंतु धडधडताना चक्कर आली, शुद्ध हरपली, किंवा नाडी बराच वेळ अनियमित लागली, तर वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे.

खऱ्या चाळणीला यंत्र कमी आणि विचारपूस जास्त लागते. आपण मला पुढील गोष्टी सांगू शकाल का : गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, साखर वाढली होती का, बाळंतपण मुदतीआधी झाले का, पूर्वी पाळी फार अनियमित होती का, संधिवात किंवा थायरॉइडचा आजार आहे का, आणि घरात कोणाला कोणत्या वयात हृदयविकार झाला? त्याबरोबर रक्तदाब, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी. एवढे हाती आले की बाकीचे ठरवता येते.

गडहिंग्लज येथील वाचक

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. माझ्या मावशीचा ईसीजी एका शिबिरात निघाला होता आणि तो उत्तम होता. त्यानंतर काही आठवड्यांनी रात्री जेवणानंतर तिला छातीत जळजळ, जबड्यात कळ आणि मळमळ सुरू झाली. घरात सर्वांनी पित्त समजून आल्याचा रस आणि सोडा दिला, जवळच्या दवाखान्यात पित्ताचेच इंजेक्शन मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झटक्याचे निदान झाले. तोपर्यंत हृदयाच्या स्नायूचे बरेच नुकसान झालेले होते. मावशी आज आपल्यात आहे, पण दोन जिने चढले की तिला दम लागतो. त्यामुळे मला वाटते की थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, सीटी अँजिओग्राफी करून रोहिण्या एकदा स्वच्छ आहेत की नाही हे पाहून घ्यावे.

शाहूपुरीतील निवृत्त फिजिशियन

आपल्या मावशींविषयी वाचून वाईट वाटले. असे रुग्ण मी पाहिले आहेत. मात्र त्यांच्या बाबतीत जे हुकले ते त्या रात्री हुकले, शिबिरात नव्हे. स्त्रियांनाही झटक्यात बहुधा छातीतच दुखते, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण ‘बायकांना छातीत दुखत नाही’ असा एक नवाच गैरसमज पसरू लागला आहे. परंतु त्या दुखण्याबरोबर जबडा, मान, पाठ किंवा खांद्यात कळ, मळमळ, धाप, अंगाला गार घाम आणि एकाएकी आलेला पराकोटीचा थकवा ही लक्षणे स्त्रियांमध्ये अधिक दिसतात, आणि त्यांच्या गर्दीत छातीचे दुखणे पित्तावर ढकलले जाते. अशा वेळी रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला सामान्य आला तरी लक्षणे चालू असतील तर तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासावे लागते. रात्री असे झाले तर १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

सीटी अँजिओग्राफी ही छातीत दुखणाऱ्या रुग्णासाठी फार उपयोगी तपासणी आहे. ज्यांना काहीही होत नाही अशा सर्वांची ती करावी, असे मात्र कोणतेही प्रमुख मार्गदर्शक तत्त्व सांगत नाही. शिवाय काही स्त्रियांमध्ये मोठ्या रोहिण्या मोकळ्या असूनही बारीक रक्तवाहिन्या नीट प्रसरण पावत नाहीत आणि त्यामुळे खरेच हृदयाचे दुखणे होते. अशा स्त्रीला ‘रिपोर्ट चांगला आहे, मनाचे खेळ आहेत’ असे सांगून घरी पाठवणे हा अन्याय आहे, आणि तो वारंवार होतो.

इचलकरंजीतील गृहिणी

डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांत मला एक भर घालावीशी वाटते. आमच्या भागात अंगावरून जास्त जाते म्हणून चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली, पण हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही. माझी शस्त्रक्रिया ३८ व्या वर्षी झाली आणि दोन्ही अंडाशयेही काढली गेली. त्यानंतर हृदयाकडे लक्ष ठेवावे लागेल असे मला कोणी सांगितले नव्हते. पुढे रक्तदाबाच्या गोळ्या सुरू करताना एका डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड मागितले, तेव्हा ही गोष्ट समजली. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी आपले जुने कागद शोधून अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत हे पाहावे, असे मला मनापासून सांगायचे आहे.

कागल तालुक्यातील आशा गटप्रवर्तक

ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. आम्ही घरोघरी तिशीच्या पुढील स्त्री-पुरुषांचे तपासणी अर्ज भरतो, त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि कुटुंबातील आजार यांची नोंद असते, आणि उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर मोफत तपासली जाते. शहरातील सुशिक्षित भगिनींनाही ही सोय माहीत नसते, म्हणून येथे लिहिले.

कामातील काही अनुभव सांगते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मशेरी ही त्यांच्या लेखी दात घासण्याची गोष्ट असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि दिवसातून चार-पाच वेळा लावणारीच्या शरीरात निकोटीन सतत जात असते. डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट स्वतःहून सांगावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. कंबर मोजताना पुष्कळ जणी टेप परकराच्या नाडीवर लावतात आणि घेर कमी भरतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप लावावा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते.

रक्तदाबाचे तर विचारूच नका. जिना चढून आलेल्या, चहा घेतलेल्या, गप्पा मारत बसलेल्या बाईच्या साडीच्या बाहीवर पट्टा बांधून आकडा लिहिला जातो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, उघड्या दंडावर पट्टा हृदयाच्या पातळीला ठेवून आणि न बोलता मोजला तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

राजारामपुरीतील शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल आभारी आहे. डॉक्टरांनी विचारलेली माहिती देते. दुसऱ्या गरोदरपणात आठव्या महिन्यात माझा रक्तदाब वाढला होता, लघवीतून प्रथिने जात होती आणि त्यामुळे मुदतीआधी सिझेरियन करावे लागले. बाळंतपणानंतर रक्तदाब उतरला म्हणून तो विषय तेथेच संपला असे मी समजत होते. मशेरी किंवा तंबाखू नाही. कंबर आज नीट मोजली, ती ९२ सेंटिमीटर भरली. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी ६.१, एलडीएल १४८, एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल ४२, ट्रायग्लिसराइड १९०. हिमोग्लोबिन ९.८ आहे, कारण पाळी थांबण्यापूर्वी दोन वर्षे रक्तस्राव फार होत असे. टीएसएच आणि ईसीजी सामान्य आहेत. दवाखान्यात रक्तदाब १३८/८८ आला. माझी धाकटी बहीण ४२ वर्षांची आहे, तिची पाळी चालू आहे, पण गरोदरपणात तिची साखर वाढली होती. तिनेही काही करावे का?

शाहूपुरीतील निवृत्त फिजिशियन

ताई, पॅकेजमधील चारही तपासण्यांतून जे कळले नसते ते आपल्या या एका परिच्छेदातून कळले. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाणे म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, आणि ज्या स्त्रीला तो झाला तिला पुढील आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका साधारण दुप्पट असतो. बाळंतपणानंतर रक्तदाब उतरला तरी ही नोंद आयुष्यभर महत्त्वाची राहते. आईचा ६१ व्या वर्षीचा झटकाही धरावा लागेल, कारण आई किंवा बहिणीला ६५ च्या आत आणि वडील किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला तर तो कमी वयातला मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये निरनिराळ्या प्रदेशांसाठी धोका मोजण्याचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत दक्षिण आशियाचा वेगळा आहे. पण त्या तक्त्यांत प्रीएक्लॅम्पसिया, आईचा इतिहास किंवा रजोनिवृत्ती यांना जागा नाही. म्हणून तक्त्यात आपला आकडा कमी आला तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

आकड्यांकडे पाहता घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, साखर आणि रक्तदाब या पाचही बाबी मर्यादेबाहेर आहेत. पाचपैकी तीन असल्या तरी आम्ही त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतो. एचबीए१सी मात्र जपून वाचावे लागेल. लोह कमी असताना तो आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपले हिमोग्लोबिन पाहता तसे झालेले असू शकते. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून लोहाचे उपचार घ्यावेत. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावरही ते भरून आलेले नाही, तेव्हा रक्त आणखी कोठून जात आहे का हेही डॉक्टरांना पाहू द्यावे. त्यानंतर एचबीए१सी पुन्हा करावा. धडधडीचा काही भाग या रक्तक्षयामुळेही असू शकतो. उपाशीपोटीची १०८ साखर मात्र लोहामुळे बदलत नाही, म्हणून ती मधुमेहपूर्व अवस्थेतच धरावी.

रक्तदाबासाठी दंडावर लावायचे यंत्र घरी आणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो उच्च रक्तदाब समजून उपचार ठरवावे लागतील. लायपोप्रोटीन-ए ही रक्ताची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. ही पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, आहाराने फारशी बदलत नाही, आणि आईच्या आजारामुळे आपल्या बाबतीत ती विशेष उपयोगी आहे. ती प्रति डेसिलिटर ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएलच्या बाबतीत अधिक कडक राहावे लागते. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करायची की नाही हा निर्णय आपल्या फिजिशियनसमोर बसून घ्यावा. माझे मत विचाराल तर आपल्यासारख्या स्त्रीमध्ये त्या गोळीचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. ती स्त्रियांनाही पुरुषांइतकीच लागू पडते, तरी स्त्रियांना कमी दिली जाते. दोघांपैकी कोणाचेही मन साशंक राहिले तर रोहिण्यांतील कॅल्शियम मोजणारा साधा सीटी करावा, त्या स्कॅनची खरी जागा तीच आहे. मात्र स्त्रियांमध्ये कॅल्शियम उशिरा साठते, त्यामुळे पन्नाशीच्या आत शून्य आकडा आला तर तो समाधानकारक असला तरी कायमचा दाखला नसतो.

हार्मोनविषयी आपला प्रश्न राहिला होता. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा अमेरिकेतील मोठा प्रयोग १६ हजारांहून अधिक स्त्रियांवर चालू होता. हृदयाचे रक्षण झालेच नाही आणि स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, म्हणून तो २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला. गरम वाफांचा त्रास असह्य असेल तर साठीच्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षे होण्यापूर्वी योग्य तपासणीनंतर हार्मोन देता येतात, परंतु ते त्या त्रासासाठी, हृदयासाठी नव्हे. इचलकरंजीच्या ताईंसारखी ज्यांची दोन्ही अंडाशये कमी वयात काढली आहेत, त्यांचा विचार वेगळा आहे. इतर कोणतीही अडचण नसेल तर त्यांना पाळी नैसर्गिकपणे जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

आहाराबद्दल कोल्हापूरकरांना सांगताना मला नेहमी दोन गोष्टींवर जोर द्यावा लागतो. साखरेऐवजी गूळ घेतल्याने रक्तातील साखरेच्या दृष्टीने काही साधत नाही, मग तो आपल्या मातीतला कितीही उत्तम गूळ असो. आणि रस्सा, खर्डा, लोणचे, पापड व भडंग यांतून जाणारे मीठ दिवसाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेत बसत नाही. रविवारचे मटण पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही, पण वरचा कट काढून ठेवावा आणि रस्स्याच्या वाट्या मोजाव्यात. रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत.

बहिणीने पाळी जाण्याची वाट पाहू नये. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते, म्हणून तिने दरवर्षी साखर, आणि आताच एकदा रक्तदाब, कंबर व लिपिड तपासून घ्यावे. आईचा इतिहास तिलाही लागू आहे, तेव्हा आपली लायपोप्रोटीन-ए जास्त आली तर तिचीही करावी.